फुगलेल्या बॅटरीवर वजन ठेवू नका

पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असलं, तरी लॅपटॉपची बॅटरी घ्यायला निघालेला गिरगावकर जातो तो लॅमिंग्टन रोडलाच. तिथं दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला, "ओरिजिनल की कंपॅटिबल?" आणि गिऱ्हाईकाचाही ठरलेला, "फरक किती पडेल?" फरक म्हणजे अर्थातच पैशांतला.

खरा फरक आत असतो. लिथियम-आयन सेलमध्ये दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये एक पातळ पडदा आणि पेट घेणारा द्रव असतो. सेल साधारण ४.२ व्होल्टला भरला की चार्जिंग थांबायला हवं. त्यावर लक्ष ठेवायला बॅटरीत एक छोटं सर्किट असतं. स्वस्त मालात हात आखडला जातो तो इथंच. पडदा फाटला की आतल्या आत शॉर्ट होतो, सेल तापतो आणि शेजारच्यालाही पेटवतो. बड्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. २००६ मध्ये डेलनं सोनीचे सेल असलेल्या सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या. २०१९ मध्ये ॲपलनं काही १५ इंची मॅकबुक प्रो बॅटरीसाठी परत बोलावले, तेव्हा डीजीसीएनं ते विमानात आणू नका, असं प्रवाशांना बजावलं होतं.

आपल्याकडे उकाडा आहेच, त्यात लालबाग-परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत लॅपटॉप रात्रभर गादीवर चार्जिंगला. खालची जाळी बंद, उष्णता जाणार कुठे? मग एक दिवस टचपॅड वर उचललेला दिसतो, झाकण नीट मिटत नाही, टेबलावर लॅपटॉप डुगडुगतो. म्हणजे बॅटरी फुगली. कुणी त्यावर जाडजूड पुस्तकं रचतं, कुणी टाचणीनं हवा काढायला सांगतं. ती हवा नव्हे, आतली रसायनं विघटित होऊन तयार झालेला ज्वलनशील वायू आहे. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि बॅटरी जाणत्या कारागिराकडून काढून घ्या. 'चालतंय तोवर चालवू' हा आपला बाणा इथं कामाचा नाही.

बॅटरी फुगलेली नसेल, नुसती म्हातारी झाली असेल, तर घरी बदलता येते. आधी चार्ज पाव हिश्श्याच्या खाली आणा, मग लॅपटॉप बंद करून चार्जर काढा. मागचं झाकण उघडलं की पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवण्याचं. उचकटायला प्लास्टिकची पट्टी घ्या, सुरी किंवा स्क्रूड्रायव्हर नको. चिकटवलेली असेल तर ओढाताण न करता काम कारागिरावर सोपवा.

नवी घेताना पार्ट नंबर आणि व्होल्ट जुन्या बॅटरीशी जुळवा. ११.१ व्होल्ट आणि ४४०० एमएएच म्हणजे जवळपास ४९ वॅट-अवर. त्याच आकारात कुणी दुप्पट सांगितलं तर पुढच्या दुकानात चला. बीआयएसची खूण आणि उत्पादनाची तारीख बघा. वापराविना पडून राहिलेली बॅटरीही म्हातारी होतेच. पक्कं बिल मागायला लाजू नका.

जुनी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. कचरा दाबणाऱ्या गाडीत ती चिरडली की पेटू शकते. टोकांना चिकटपट्टी लावून ती ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. बॅटरी बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्यांवर २०२२ च्या नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी टाकली आहे, तेव्हा दुकानदारालाही विचारा.

आणि धूर दिसलाच तर लॅपटॉप उचलून पळू नका. मेन स्विच बंद करा, जमलं तर लांबून भरपूर पाणी ओता. तो धूर विषारी असतो. घरातल्यांना बाहेर काढा आणि १०१ ला फोन करा.