एक्स्प्लेनर : पक्कड हातात जड लागली म्हणजे चांगली? नजर आणि हात कुठे फसतात, जाणून घ्या

हार्डवेअरच्या दुकानात पक्कड घेताना आपण काय करतो? हातात तोलतो, दोन-चारदा उघडझाप करतो, चकाकी बघतो. जड लागली की ‘माल चांगला आहे’ म्हणतो.

यातली उघडझाप कामाची आहे. खिळीपाशी जबडे डावी-उजवीकडे डुगडुगत असतील, तर ती पक्कड खाली ठेवा. तार कापायची धार उजेडासमोर धरा. पाती मिटल्यावरही मधून उजेड दिसला, तर बारीक तार नीट कापली जाणार नाही. कानही उपयोगी पडतो. ग्राइंडरचे दगडी चाक बसवण्याआधी कारागीर ते टांगून लाकडी दांड्याने हलकेच वाजवतात. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर तडा असण्याची शक्यता. असे चाक फिरताना फुटू शकते.

वजनाचा अंदाज मात्र चुकतो. सारख्या वजनाच्या दोन वस्तूंपैकी आकाराने लहान असलेली आपल्याला जड वाटते. शार्पांतिए या फ्रेंच डॉक्टरने १८९१ मध्येच हे नोंदवले होते. चकाकी तर निव्वळ वरच्या मुलाम्याची. आतल्या पोलादाला पाणी नीट दिले आहे की नाही, ते तिच्यावरून कळत नाही.

खरा धोका मुठीचा आहे. जाड, मऊ रबरी मूठ हाताला सुरक्षित वाटते. पण साध्या पकडीवरचे प्लास्टिकचे आवरण पकड बसावी म्हणून असते, शॉकपासून वाचवण्यासाठी नाही. दोन्ही हाताला सारखेच लागतात, त्यामुळे इथे स्पर्शावर विसंबणे जिवावर बेतू शकते.

विजेच्या कामासाठीच्या अवजारांना ‘आयईसी ६०९००’ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात प्रत्येक अवजार १० हजार व्होल्टवर तपासले जाते आणि १,००० व्होल्टपर्यंतच्या कामासाठी मान्य होते. अशा अवजारावर दुहेरी त्रिकोणाची खूण आणि ‘१००० व्ही’ असे कोरलेले असते. (खूण नकली असू शकते, म्हणून बिल घ्याच.) आणि अवजार कोणतेही असो, घरी काम करताना आधी मेन स्विच बंद.

काही अवजारांच्या मुठीवर दोन रंगांचे थर असतात. वरचा थर झिजून किंवा चिरून खालचा रंग दिसू लागला, की ते अवजार विजेच्या कामातून बाद करा. हे ओळखायला मात्र डोळे पुरतात.