‘ख्रिस्ती’ या शब्दाचा अर्थविचार : नाशिक परिसरातील काही दाखले

१

‘ख्रिस्ती’ हा शब्द मराठी वाचकाच्या नित्य परिचयाचा आहे. परंतु परिचित शब्दाचा अर्थ एकच असतो असे मानणे भाषेच्या अभ्यासकाला परवडत नाही. जनगणनेच्या तक्त्यात हा शब्द एका लोकसमूहाचे नाव म्हणून येतो. उपासनेतील प्रवचनात तो ख्रिस्ताशी जडलेल्या नात्याचा वाचक असतो. गावच्या व्यवहारात मात्र तो पुष्कळदा जातिनामांच्या पंक्तीला जाऊन बसतो. ‘अमुक गृहस्थ ख्रिस्ती आहेत’ या साध्या वाक्याने, ते कोणत्या समाजात मोडतात, त्यांची निष्ठा कोणावर आहे आणि त्यांच्याशी रोटीबेटी व्यवहार होतो की नाही, अशा तीन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे एकदम दिल्यासारखी होतात. वस्तुतः यांपैकी एकाचे उत्तर दुसऱ्यातून निघत नाही.

ही सरमिसळ केवळ कोशकारापुढील अडचण नव्हे. तिच्यापायी महाराष्ट्रात घरे दुभंगली, वारसाहक्काचे तंटे उभे राहिले आणि घटनात्मक सवलतींचा एक प्रश्न अद्यापि न्यायालयात आहे. म्हणून ख्रिस्ती असणे म्हणजे काय, हा प्रश्न धर्मशास्त्राच्या बाजूने न मांडता शब्दाच्या बाजूने मांडून पाहणे उपयुक्त ठरेल. नाशिक आणि त्याचा परिसर यांनी त्यासाठी पुरविलेली सामग्री विशेष बोलकी आहे.

२

प्रथम शब्दाची घडण पाहू. ‘ख्रिस्त’ हे मूळचे विशेषनाम नाही. ‘अभिषिक्त’ या अर्थाच्या ‘मशीह’ या हिब्रू शब्दाचे ते ग्रीक भाषांतर आहे. त्याला लॅटिनमधून ग्रीकमध्ये आलेला ‘-इआनोस’ हा प्रत्यय लागून ‘ख्रिस्तिआनोस’ हा शब्द बनला. अमुक धन्याचा, नेत्याचा किंवा पक्षाचा माणूस, असा या प्रत्ययाचा अर्थ. शुभवर्तमानातील ‘हेरोदी’ हे हेरोद राजाच्या पक्षाच्या लोकांचे नाव याच साच्यातले आहे. मराठी भाषांतरकारांनी दोन्ही ठिकाणी ‘-ई’ प्रत्यय योजून मूळ साम्य राखले, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे.

नव्या करारात हा शब्द अवघ्या तीन ठिकाणी आढळतो. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात, शिष्यांना हे नाव प्रथम अंत्युखिया नगरात मिळाले, असे म्हटले आहे. त्याच ग्रंथाच्या सव्विसाव्या अध्यायात अग्रिप्पा राजा पौलाशी बोलताना तो शब्द उच्चारतो. तिसरे स्थळ पेत्राच्या पहिल्या पत्रातील असून तेथे या नावापायी छळ सोसावा लागल्यास त्याची लाज मानू नये, असा उपदेश आहे. अनुयायी स्वतःला ‘शिष्य’, ‘बंधू’ किंवा त्या ‘मार्गा’चे लोक म्हणवीत. ‘ख्रिस्ती’ हे नाव बहुधा बाहेरच्यांनी दिलेले होते, आणि ज्यांना ते दिले गेले त्यांनी ते पुढे स्वीकारले, असा अर्थेतिहास या तीन स्थळांवरून सूचित होतो.

अंत्युखियाविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. यहुदी व यहुदीतर अनुयायी तेथे एका पंक्तीस जेवत असत. पेत्राने काही लोकांच्या भीतीने त्या पंक्तीतून अंग काढून घेतले, तेव्हा पौलाने त्याला तोंडावर दोष दिला, हे पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात सांगितले आहे. ज्या नगरात हा शब्द जन्मला त्याच नगरात पंक्तिभेदाचा वाद माजावा, हा योगायोग असो वा नसो, मराठी अभ्यासकाला तो अपरिचित वाटणार नाही.

३

मराठीत या शब्दाला कोणते शेजारी मिळाले, हे त्याहून महत्त्वाचे आहे. ‘-ई’ हा प्रत्यय ‘कोकणी’, ‘नागपुरी’ या शब्दांत स्थलसंबंध दाखवितो. असा संबंध जन्माने लाभतो आणि मनुष्य काही करो वा न करो, तो टिकतो. उलट ‘वारकरी’, ‘माळकरी’ या शब्दांतील ‘-करी’ कृतीचा किंवा धारणेचा वाचक आहे. घराण्यात वारी असली तरी जो वारीला जातो तोच वारकरी. ‘जन्माने ख्रिस्ती’ हा प्रयोग मराठीत खटकत नाही. ‘जन्माने शिष्य’ हा खटकतो. ‘ख्रिस्ती’ या विशेषणाऐवजी ‘ख्रिस्ताचा’ अशी षष्ठी योजली की भक्तिपरंपरेतील ‘विठोबाचा’ या प्रयोगाची आठवण होते आणि समाज मागे सरून नाते पुढे येते.

क्रियापदांचा विचार केल्यास हा भेद अधिक उठून दिसतो. धर्म बदलणाऱ्या मनुष्यासंबंधी एकोणिसाव्या शतकातील मराठी समाजाचे ठेवणीतले क्रियापद ‘बाटणे’ हे होते. पाणी बाटते, भांडे बाटते, स्वयंपाक बाटतो, तसाच माणूसही बाटतो. या क्रियापदात श्रद्धेचा मागमूस नाही, आहे तो केवळ स्पर्शाचा आणि अन्नोदकाचा विचार. त्याचे प्रयोजक रूप ‘बाटविणे’ तर बाटणाऱ्याचे कर्तेपणच काढून घेते. त्याने काही ठरविले नाही, त्याला कोणी तरी बाटविले, एवढेच ते सांगते. ‘बाप्तिस्मा घेणे’ या प्रयोगात विधी मुख्य आहे, ‘ख्रिस्ती होणे’ या प्रयोगात नव्या गटातील प्रवेश. ‘ख्रिस्ताला शरण जाणे’ या चौथ्या प्रयोगात मात्र कर्ता स्वतः चालत जातो, आणि ज्याच्याकडे जावयाचे तो समाज नसून व्यक्ती असते.

४

‘शरण’ हा शब्द नाशिककरांना एका वेगळ्याच रूपात परिचित आहे. चर्च मिशनरी सोसायटीने १८३२ साली नाशिक येथे कार्य आरंभिले आणि शतकाच्या मध्यास गावाबाहेर शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत उभी राहिली. ज्याने बाप्तिस्मा घेतला त्याला घर, विहीर आणि बलुत्याचा व्यवहार ही तिन्ही एकाच दिवशी पारखी होत. त्याला राहण्यास छप्पर व हातास काम देणे क्रमप्राप्त होते. वसाहतीच्या नावातील ‘शरण’ म्हणून दुहेरी आहे. ख्रिस्ताला शरण गेलेल्यांचे ते गाव, आणि समाजाने टाकलेल्यांना आसरा देणारेही तेच गाव.

हा दुसरा अर्थ किती शब्दशः खरा होता, हे तेथील आफ्रिकन मुलांच्या वृत्तांतावरून कळते. हिंदी महासागरात गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजांवरून ब्रिटिश आरमाराने सोडविलेली कित्येक मुले मुंबईस उतरविली जात. त्यांतील अनेकांना शरणपूरला आणून शिक्षण व हस्तव्यवसाय शिकविण्यात आले. जेकब वेनराइट हा त्यांपैकीच एक. डेव्हिड लिव्हिंगस्टन १८७३ साली आफ्रिकेच्या अंतर्भागात मृत्यू पावला, तेव्हा दफनविधीची प्रार्थना याच तरुणाने वाचली, आणि १८७४ च्या एप्रिल महिन्यात लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये शवपेटिका वाहणाऱ्यांत तो होता. या मुलांना मागे कुळ नव्हते, गाव नव्हते, जात नव्हती. त्यांच्यापुरता ‘ख्रिस्ती’ हाच गाव आणि हेच कूळ होते.

पण आश्रयस्थानाला सीमाही असते. ज्या वसाहतीने बहिष्कृतांना आधार दिला, तिच्यामुळेच ख्रिस्ती म्हणजे वेगळ्या वस्तीत राहणारा निराळा समाज, ही समजूत बाहेरच्यांच्या मनात दृढ झाली. संबंधवाचक शब्द समूहवाचक होण्याची ही क्रिया होती, आणि ती कोणी हेतुपुरस्सर घडविली नाही. आज शरणपूर हा नाशिक शहराचाच एक भाग आहे, आणि शरणपूर रोडवरून जाणाऱ्या कित्येकांच्या ध्यानी त्या नावाचा अर्थ येतही नसेल.

५

या दोन अर्थांतील ताण एका दांपत्याच्या चरित्रात जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र क्वचित दिसेल. नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई (१८६८-१९३६) मूळच्या नाशिकजवळील जलालपूरच्या, गोखल्यांच्या घरातील. वडिलांचे कडकडीत सोवळे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात विनोदाने, परंतु त्याचा जाच न लपविता वर्णिले आहे. पतीच्या धर्मांतरानंतर त्या सुमारे पाच वर्षे मुलासह वेगळ्या राहिल्या. पुढे पतीजवळ राहावयास आल्या, तरी त्यांनी आपले सोवळे व स्वयंपाक वेगळा ठेवला.

त्यांच्या निवेदनातील घटनाक्रम अर्थविचाराच्या दृष्टीने अत्यंत मोलाचा आहे. जात देवाने निर्मिली की माणसाने, या प्रश्नावर त्यांनी स्वतःशी विचार केला. ती माणसाची करणी आहे असे मनास पटताच कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास त्या सिद्ध झाल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. म्हणजे सोवळे सुटणे आणि ख्रिस्ती होणे या त्यांच्या बाबतीत दोन स्वतंत्र घटना होत्या. ‘बाटणे’ या क्रियापदाने ज्या गोष्टी एकत्र बांधल्या होत्या त्या लक्ष्मीबाईंनी आपल्या आचरणाने सोडविल्या.

टिळकांनी दुसरी गाठ सोडविली. आपण तुकारामाच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. अभंग आणि कीर्तन ही माध्यमे त्यांनी ख्रिस्ती उपासनेत रुजविली. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि ‘देवाचा दरबार’ या नावाने ख्रिस्तशिष्यांचा बंधुसमाज आरंभिला. बाप्तिस्मा घेतलेल्यांप्रमाणेच न घेतलेल्यांनाही त्यात स्थान होते. ख्रिस्ताचा शिष्य आणि ख्रिस्ती समाजाचा सभासद हे दोन वर्ग परस्परांत पूर्णतः मिसळत नाहीत, हे त्यात गृहीत होते. ही कल्पना सर्वांना मानवणारी नव्हती. विधीविना शिष्यत्व अपुरे होय, हा मंडळीचा जुना आणि साधार आक्षेप होता, आणि दोन वर्षांतच टिळकांचे निधन झाल्याने या प्रयोगाची पुरती कसोटी लागली नाही. तथापि प्रश्न मात्र उभा राहिला तो कायमचा.

हाच भेद पंडिता रमाबाईंनी अन्य मार्गाने मांडला होता. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर कित्येक वर्षांनी त्यांना असे जाणवले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला होता, ख्रिस्त लाभला नव्हता. टिळकांच्या योजनेत बाप्तिस्म्याविना शिष्यत्व शक्य ठरते, तर रमाबाईंच्या अनुभवात शिष्यत्वाविना बाप्तिस्मा. दोघांची साक्ष उलट दिशांनी एकाच निष्कर्षाकडे नेते.

६

व्यक्तीला असा भेद करता येतो. कायद्याला तो करणे कठीण जाते. १८५० च्या एकविसाव्या अधिनियमाने धर्म सोडल्यामुळे किंवा जातीबाहेर टाकले गेल्यामुळे वारसाहक्क बुडणार नाही, असे ठरविले. धर्मत्याग आणि जातिभ्रंश यांचा उल्लेख तेथे एका श्वासात येतो, तो त्या काळच्या समाजस्थितीला धरूनच. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९५० च्या अनुसूचित जातींविषयीच्या आदेशाने हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणाऱ्यास अनुसूचित जातीत गणू नये असे ठरले. १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध यांचा अपवाद झाला. ख्रिस्ती व मुसलमान यांचा झाला नाही.

महाराष्ट्रात, विशेषतः अहमदनगर जिल्ह्यात, ख्रिस्ती झालेल्यांत महार व मांग समाजांतील कुटुंबांचा भरणा मोठा होता, हे लक्षात घेता या तरतुदीचे गांभीर्य कळते. ख्रिस्ती होताच जात सरते, असे आदेश गृहीत धरतो. गाव तसे धरीत नाही, आणि पुष्कळ ठिकाणी ख्रिस्ती समाजही विवाह जुळविताना तसे धरीत नाही. १९८५ च्या सूसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमका हाच पुरावा मागितला : धर्मांतरानंतरही जातीमुळे येणारी हीनता त्याच तीव्रतेने टिकते काय? २००४ साली दाखल झालेल्या याचिकेने हा प्रश्न पुन्हा न्यायालयापुढे आला आणि २०२२ साली केंद्र शासनाने त्यासाठी आयोग नेमला.

नाशिक जिल्ह्यातील येवले येथे १९३५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, ती नाशिकच्या काळाराम मंदिरापुढील सत्याग्रहाच्या अनुभवानंतर. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीचे परीक्षण करताना, नव्या धर्मातही जातिभेद टिकून राहिला, हा दोष त्यांनी परखडपणे दाखविला आहे. अंत्युखियात पेत्राला विचारला गेला तोच हा प्रश्न होय. नाव बदलले, पंक्ती बदलली काय?

७

वरील विवेचनावरून असे दिसते की मराठीतील ‘ख्रिस्ती’ हा शब्द नाते, समाज आणि जातिसदृश स्थान हे तीन अर्थ वाहतो, आणि ते एकमेकांच्या मागे लपतात. नात्याचा अर्थ मूळचा असला तरी समाजाचा अर्थ निरुपयोगी नव्हे. शरणपुरात आश्रय मिळालेल्या पोरक्या मुलाला ‘ख्रिस्ताचा’ या षष्ठीइतकीच ‘ख्रिस्ती’ या विशेषणाचीही गरज होती. अनर्थ होतो तो एका अर्थाचे निकष दुसऱ्यास लावल्याने. श्रद्धेची परीक्षा स्वयंपाकघरात घेतली जाते, किंवा श्रद्धा बदलली म्हणून सामाजिक दुःखही संपले असे कागदावर लिहिले जाते.

म्हणून या विषयावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने दफ्तरात, चरित्रात किंवा मुलाखतीत ‘ख्रिस्ती’ हा शब्द भेटताच त्याच्या शेजारचे क्रियापद आधी पाहावे. ‘बाटला’, ‘झाला’, ‘घेतला’ आणि ‘शरण गेला’ ही चार क्रियापदे चार निरनिराळ्या घटना सांगतात. त्यांपैकी कोणती घटना घडली हे ठरविल्यावाचून ख्रिस्ती असणे म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर देऊ जाणे म्हणजे न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणे होय.