प्रोसेसर बदलण्याआधी मेमरी पाहा

व्यापारी बांधवांच्या घरी कॉम्प्युटर आता नवलाची वस्तू राहिलेली नाही. दिवसा मुलांचा अभ्यास आणि रात्री दुकान बढवल्यावर त्याच मशीनवर टॅली व जीएसटीची बिले. मशीन मंद झाले की घरात एकच सल्ला निघतो, प्रोसेसर बदला.

भिवंडीतल्या आमच्या एका कापडवाल्या मित्राकडे हेच झाले. मशीन २०१६ चे. सहाव्या पिढीचा इंटेल आय-५, ४ जीबी मेमरी, जुनी हार्डडिस्क. मुलगा म्हणाला, "अब्बा, आय-७ टाकू या." मेकॅनिक तयारच होता, विकणारा कधी नसतो? पैसे देण्याआधी आम्ही कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला. टॅली, ब्राउझर आणि व्हॉट्सॲप चालू असताना प्रोसेसर २० टक्केच कामात होता. मेमरी मात्र ९२ टक्के भरलेली आणि डिस्क १०० टक्क्यांवर.

आपल्या भाषेत सांगायचे तर प्रोसेसर म्हणजे सेल्समन, मेमरी म्हणजे माल उलगडायची गादी आणि डिस्क म्हणजे गोडाऊन. गादी भरली की विंडोज काही माल डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये पाठवते आणि लागेल तेव्हा परत मागवते. सगळा वेळ त्या ने-आणीत जातो. तिथे हुशार सेल्समन बसवून काय होणार? काही जण पेजफाइलच बंद करतात. तसे करू नये. मेमरी संपली की चालू काम मध्येच बंद पडू शकते.

मेमरी घेताना जुन्या पट्टीवरचे लेबल वाचा. डीडीआर३ ला २४० पिना, डीडीआर४ ला २८८, खाचही वेगळ्या जागी. एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर किती स्लॉट वापरात आहेत तेही दिसते. विंडोज ३२ बिटची असेल तर ४ जीबीच्या वरची मेमरी तिला वापरता येत नाही, तेव्हा आधी ६४ बिटची घाला. हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवली की फरक त्याच दिवशी कळतो.

आता प्रोसेसर. मित्राच्या बोर्डावर बायोस अद्ययावत करून सातव्या पिढीचा आय-७ चालला असता. आठव्या पिढीचा नाही. सॉकेटचा आकडा तोच ११५१, पण त्याला ३०० मालिकेचा बोर्ड लागतो. इथेच खरा खड्डा आहे. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सोय जाहीर केली, पण तिच्यात आपले नाव नोंदवावे लागते. विंडोज ११ च्या यादीत इंटेलचे प्रोसेसर मुख्यतः आठव्या पिढीपासून पुढचे आहेत, शिवाय टीपीएम २.० हवे. म्हणजे त्या आय-७ चे पैसे पाण्यात गेले असते.

मित्राने ८ जीबीची एक पट्टी आणि एसएसडी घेतली. प्रोसेसरचे पैसे बोर्डासकट नव्या संचासाठी बाजूला ठेवले. रायझनचा एएम४ बोर्ड असलेल्यांचे नशीब बरे. २०१७ च्या बऱ्याच बोर्डांवर बायोस बदलून ५००० मालिकेचा प्रोसेसर चालतो. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या यादीत आपले मॉडेल आहे का, एवढे आधी बघावे.

काम काढण्याआधी टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या आणि तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा. मेकॅनिक परत गेल्यावर आठवून उपयोग नाही.