मूल ऐकत नसेल तर दोष आईचा नव्हे

मी भाट्याहून बोलतेय. मूल जन्मतः बहिरं निघालं की घरात पहिला प्रश्न येतो, "ग्रहणात काय चिरलंस?" आज त्याचंच उत्तर.

आपल्या खाडीच्या बांधाला उघाडी असते. ती अडली की पाणी तुंबतं. आतल्या कानातही पेशींच्या मधे अशा बारीक उघाड्या असतात, त्यांतून क्षार पुढे जातात. त्या बनतात कनेक्सिन-२६ या प्रथिनाच्या. त्याचा जनुक बिघडला तर मूल बहिरं जन्मू शकतं. बहुतेक वेळा बिघडलेला जनुक आई आणि बाबा दोघांकडून आलेला असतो, आणि दोघांनाही नीट ऐकू येत असतं. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळाला धोका चारात एक. नात्यातल्या लग्नात तो संभव वाढतो. ग्रहणाचा संबंध नाही.

अभ्यासासाठी हे प्रथिन लागतं, म्हणून माणसाचा जनुक कीटकांच्या पेशींत घालून ते प्रयोगशाळेत बनवतात. मधुमेहाचं इन्सुलिनही असंच, जिवाणूंकडून करून घेतात. २००९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी अशा प्रथिनावरून उघाडीची रचना दाखवली. पण हे संशोधनासाठी आहे, कानात घालायचं औषध नव्हे. तसं सांगून कुणी बाटली विकली तर घेऊ नका.

आपल्या हातात आहे ती वेळ. बाळाच्या कानाची तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत, उपाय सहाव्यापर्यंत. "बापही उशिरा बोलला होता" म्हणून थांबू नका, आशाताईंना विचारा. पुढच्या बैठकीत हप्ते जमा करण्याआधी एकच विचारूया: कुणाकडे नवं बाळ आहे, आणि त्याचे कान तपासले का?