गोठ्यातलं रसायन, भाग ७ : हाडूक चघळणारी गाय

गेल्या आठवड्यात युरिया पाहिला. आज त्याच दुकानातली पांढरी भुकटी, डायकॅल्शियम फॉस्फेट. गिऱ्हाईक मागतं ते 'डीसीपी'.

ओरोसला आमच्या शेजारच्या काकींची एक गाय होती. सड्यावर चरून संध्याकाळी परतताना तोंडात काहीतरी असायचंच. चपलेचा पट्टा, दोरीचा तुकडा, एकदा वाळकं हाडूक. गोठ्यात दाढांखाली ते करकरायचं तेव्हा गडग्याअलीकडे आम्हाला ऐकू यायचं. "हिका देवचार लागलो हा काय?" म्हणत काकींनी नारळ ओवाळून टाकला. गायीला हवं होतं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस.

आपला जांभा लाल आहे तो लोहामुळे. कोकणचा पाऊस मातीतला चुना धुऊन नेतो, मागे लोह आणि ॲल्युमिनियम राहतं आणि ही दोघं स्फुरदाला अशी धरून बसतात, की मुळांच्या वाट्याला थोडंच येतं. त्यातलंही भाताचं रोप दाण्यात साठवतं, पेंढ्यात फारसं उरत नाही. पुढे गिरणीत दाण्यातलं बरंचसं कोंड्यात उतरतं. कोंडा विकून नुसता पेंढा घालणं तोट्याचं ते यासाठी. लिटरभर दुधाबरोबर सुमारे १ ग्रॅम स्फुरद आणि सव्वा ग्रॅम कॅल्शियम गायीच्या अंगातून जातं. वैरणीतून भरपाई झाली नाही, तर ती हाडांतून काढते.

दक्षिण आफ्रिकेत शंभर वर्षांपूर्वी गुरं लुळी पडून मरत होती. आर्नोल्ड थायलर या पशुवैद्याने शोधलं, की स्फुरदाच्या भुकेने ती मेलेल्या जनावरांची हाडं चघळतात आणि त्यांवरच्या सडक्या मांसातलं बॉट्युलिझमचं विष त्यांना मारतं. हाडांची भुकटी नीट शिजवून, वाळवून दिल्यावर गुरांची ही ओढ कमी झाली. तेव्हा गायीच्या तोंडातलं हाडूक काढून फेकायचंच, पण तिची मागणी खोटी समजू नये.

डीसीपी हाडांतूनही निघतं. हाडं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवली, की उरलेला मऊ भाग जिलेटिनला जातो, म्हणजे औषधाच्या कॅप्सूलला. आम्लात उतरलेल्या खनिजात चुना घातला, की पांढरा साका बसतो. तो गाळून वाळवायचा. दुसरा रस्ता खडकाचा. उदयपूरजवळ झामरकोटड्याला असा फॉस्फेटचा खडक निघतो. खडक आम्लात विरघळवून पुन्हा चुनाच लागतो. नुसता खडक दळून का घालू नये? त्यात ३-४ टक्के फ्लोरिन असतं, त्याने दात झिजतात, हाडं बिघडतात. ते आधी काढावं लागतं. १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये 'मॅड काऊ' उघडकीस आला आणि मांस-हाडांच्या भुकटीवरचा विश्वास उडाला; खडकाच्या मालाला भाव आला.

कोणी म्हणेल, मालवणच्या किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करत, तोच घालू. चुन्यात कॅल्शियम आहे, स्फुरद नाही. चांगल्या डीसीपीत स्फुरद १८ टक्क्यांच्या आसपास असतं. पिशवीवर तो आकडा वाचावा. दुभत्या गायीला साधारण ३० ते ५० ग्रॅम खनिज मिश्रण रोज पुरतं, आणि त्यात डीसीपी असतंच. व्यायल्यावर लघवी लाल झाली तर मात्र भुकटीवर विसंबू नये, डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवावं.

काकींनी पहिल्या दिवशी नुसती भुकटी पुढे ठेवली. गायीने फुंकर मारली, अर्धी काकींच्या लुगड्यावर. मग कोंड्यात चिमूटभर मीठ घालून कालवली, तेव्हा घमेलं चाटून पुसून झालं. चपला आम्ही पुढे दोन महिने माळ्यावरच ठेवत होतो.