हत्तीरोगाची गोळी आणि नंतर येणारा ताप

रोवणीच्या दिवसांत बांधीत काम करताना पायात काटा मोडला आणि जखम चिघळली, की एक-दोन दिवसांत जांघेत गाठ येते. तिला अवधाण म्हणतात. काट्याचे विष वर चढले, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ही गाठ शरीराच्या पहाऱ्याची चौकी होय. जखमेतून शिरलेल्या जंतूंवर रक्तातील पांढऱ्या पेशी प्रथम तुटून पडतात. जखमेतला पू म्हणजे बव्हंशी या झुंजीत मेलेल्या पेशीच. निसटलेले जंतू लसिका नावाच्या पातळ द्रवाच्या वाहिन्यांतून वर येतात व जांघेतील ग्रंथीत अडकतात. तेथे त्यांना ओळखणाऱ्या पेशी झपाट्याने वाढतात व त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. ग्रंथी फुगते ती यामुळे. तापही शरीरानेच चढविलेला असतो.

हत्तीरोगाचा कृमी नेमका या लसिकावाहिन्यांतच घर करतो. भंडारा जिल्ह्यास व विदर्भातील शेजारच्या जिल्ह्यांस हा रोग जुना आहे. त्याचा डास धानाच्या बांधीपेक्षा गटारात, सांडपाण्याच्या डबक्यात व उघड्या शोषखड्ड्यात अधिक वाढतो. तेव्हा दोष बांधीला देऊ नये. मादी कृमी सुतासारखी बारीक व ८ ते १० सेंटिमीटर लांब असते, आणि कित्येक वर्षे जगते. पहाऱ्याच्या वाटेवरच राहून ती जगते कशी? ती अशी द्रव्ये सोडते की, शरीराचा प्रतिकार मंदावतो. ताप नाही, गाठ नाही. माणूस धडधाकट दिसतो. मात्र रात्री त्याच्या रक्तात कृमीची सूक्ष्म पिले फिरत असतात व डास ती दुसऱ्याच्या घरी पोचवितात. आरोग्य कर्मचारी रक्त घेण्यास रात्रीच येतात, ते याचसाठी. (झोपमोड होते, हे खरे.) सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत या रोगाच्या प्रतिपिंडांवर बरेच संशोधन झाले आहे.

मोहिमेत दिली जाणारी डीईसीची गोळी या पिलांचे लपणे संपविते, आणि मग शरीराच्या पेशी त्यांचा फडशा पाडतात. पिले एकदम मेली म्हणजे त्यांच्या शरीरातील द्रव्ये रक्तात मिसळतात व इतके दिवस मंदावलेला प्रतिकार जागा होतो. ताप, डोकेदुखी, अंगदुखी, मळमळ होते ती यामुळे. ज्याच्या रक्तात पिले अधिक, त्याला त्रास अधिक. ज्याच्या रक्तात ती नाहीत, त्याला सहसा काही होत नाही. दुर्दैवाने गावात नेमकी उलटी वार्ता पसरते. एकास ताप आला की दहा जण गोळी खिशात ठेवतात, आणि त्या दहांत एखादा रोगवाहक असतोच. ग्रामसेवकाने व आशाताईने हे गोळी देण्यापूर्वीच सांगावे. ताप आल्यावर केलेला खुलासा कोणी ऐकत नाही.

गोळी उपाशीपोटी घेऊ नये व ती कर्मचाऱ्यासमक्षच गिळावी. दोन वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया व गंभीर आजारी व्यक्ती यांना ती देत नाहीत. त्रास बहुधा एक-दोन दिवसांत शमतो. न शमल्यास किंवा चक्कर, धाप असे काही झाल्यास आरोग्य केंद्रात जावे.

ज्याचा पाय आधीच सुजला आहे, त्याचा पाय गोळीने पूर्ववत होत नाही, कारण वाहिन्या निकामी झालेल्या असतात. अशा पायातील चौकी मोडलेली असल्याने लहानशी चीरही जंतूंना पुरते व वारंवार थंडीताप येतो. त्याने चिखलातून आल्यावर पाय साबणाने धुवावा, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात व रात्री पाय उंच ठेवून निजावे.