जगातील सर्वोत्तम गाडी आणि काळे हात

आपल्या बेटावर गाडीची हौस लहानथोर सर्वांनाच आहे. रविवारी सकाळी दारापुढे बादली घेऊन गाडी धुणारा गृहस्थ दिसणार नाही असे गाव विरळाच. परवा आमच्या वर्गातल्या एका मुलाने विचारले, "गुरुजी, जगात सगळ्यांत चांगली गाडी कोणती?" त्या वेळी आम्ही त्याला गणिताकडे लक्ष द्यायला सांगितले. पण प्रश्न मनात राहिला. घरी येऊन पुस्तके चाळली, आणि जे वाचले ते आज या पानावर आपल्यापुढे ठेवीत आहोत.

ज्या गाडीला 'जगातील सर्वोत्तम' हे बिरुद मिळाले, तिचे नाव रोल्स-रॉइस 'सिल्व्हर घोस्ट', म्हणजे रुपेरी भूत. भूत म्हणण्याचे कारण एवढेच की ती आवाज न करता जवळून निघून जाई. तिचा कर्ता हेन्री रॉइस १८६३ साली इंग्लंडमध्ये पीटरबरो शहराजवळ एका गिरणीवाल्याच्या घरी जन्मला. नऊ वर्षांचा असताना वडील वारले. पोराने वर्तमानपत्रे विकली, घरोघरी तारा पोचवल्या. शाळा अशी फारशी झालीच नाही. एका नातलग बाईंनी पैसे भरून त्याला रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारीला लावले, परंतु तीनेक वर्षांत तेही पैसे संपले आणि उमेदवारी अर्धवट राहिली. हातात प्रमाणपत्र नाही, पण हाताला वळण लागलेले!

१८८४ साली रॉइसने मँचेस्टरमध्ये विजेच्या सामानाचा छोटा कारखाना काढला. पुढे एक जुनी फ्रेंच मोटार विकत घेतली. तिची खडखड आणि कुरबुर त्याला सहन होईना. एकेक भाग सोडवून तो सुधारू लागला, आणि शेवटी १९०४ साली त्याने स्वतःचीच मोटार बनवली. त्याच वर्षी लंडनमध्ये मोटारी विकणाऱ्या चार्ल्स रोल्स या सरदारपुत्राशी त्याची गाठ पडली. १९०६ मध्ये दोघांच्या नावाची कंपनी स्थापन झाली.

त्या वर्षीच्या लंडनच्या प्रदर्शनात त्यांची सहा सिलिंडरची नवी गाडी लोकांनी पाहिली. त्या काळी सहा सिलिंडरची इंजिने फार थरथरत. रॉइसने तीन-तीन सिलिंडरचे दोन गट केले, मधला क्रँकशाफ्ट जाड घेतला, त्याला सात ठिकाणी आधार दिला आणि तेल दाबाने आतपर्यंत पोचेल अशी सोय केली. थरथर थांबली. सांगाड्याच्या जोडांना रिव्हेट ठोकण्याऐवजी कामगार प्रत्येक भोक हाताने तासून त्यात निमुळता बोल्ट घट्ट बसवीत. कारखान्यातून केवळ इंजिन आणि सांगाडा बाहेर पडे. वरची बैठक ग्राहकाच्या पसंतीप्रमाणे दुसरे कारागीर बांधीत. यांतले पुष्कळ जण पूर्वीचे घोडागाड्या बनवणारे. लाकडाची चौकट, तिच्यावर ठोकून आकार दिलेला पत्रा, आत शिवलेले कातडे, वर रंगाचे हात. म्हणून एक गाडी दुसरीसारखी हुबेहूब क्वचितच असे.

१९०७ साली यांतल्याच एका गाडीला रुपेरी रंग देऊन, दिव्यांना चांदीचा मुलामा चढवून, वर लांबच्या प्रवासाची उघडी बैठक बांधली. हीच मूळची 'सिल्व्हर घोस्ट'. परीक्षकांच्या देखरेखीखाली ती लंडन आणि ग्लासगोमध्ये पुन्हा पुन्हा धावली. सुरुवातीला पेट्रोलची तोटी हादऱ्याने मिटली म्हणून ती एकदाच थांबली. त्यानंतर १४,३७१ मैल, म्हणजे सुमारे २३,००० किलोमीटर, ती बिघाड होऊन थांबली नाही. मग इंजिन उघडून पाहिले, तर झीज नाममात्र.

या गाडीचा एक धागा आपल्या पूर्वजांच्या मुलखाशीही जुळतो. १९०८ साली या जातीची एक गाडी मुंबईत आली आणि मुंबई-कोल्हापूर मार्गावरील घाटांच्या चाचणीत उतरली. सह्याद्रीची चढण तिने पार केली. पुढे ती ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी घेतली. त्याच सह्याद्रीच्या परिसरातून आपले पूर्वज बोचके घेऊन पायी निघाले आणि जहाजात बसून इकडे आले. गाडी राजांसाठी होती. बनवणाऱ्या कामगारालाही ती कधी परवडणारी नव्हती, हे विसरून चालणार नाही.

१९२५-२६ पर्यंत या गाड्या निघत राहिल्या. इंग्लंड आणि अमेरिका मिळून त्यांची संख्या आठ हजारांच्याही आतच राहिली. रोल्स १९१० साली विमान-अपघातात गेला. रॉइस कामापुढे जेवण विसरे. त्याची प्रकृती ढासळली, पण अंथरुणावरूनही १९३३ साली मृत्यू येईपर्यंत तो आराखडे तपासत राहिला. सन्मान आणि पदव्या मिळाल्यावरही तो स्वतःला 'मेकॅनिक' म्हणवून घेई. काम कितीही लहान असो, ते नीट केले तर थोरच, अशी त्याची श्रद्धा होती.

आता एक कबुली. ज्या मुलाने तो प्रश्न विचारला, तो गणितात कच्चा आहे. शाळा सुटल्यावर तो काकांच्या गॅरेजमध्ये बसतो, आणि त्याच्या बोटांचे ग्रीस काही निघत नाही. एकदा आम्ही त्याला सगळ्यांसमोर म्हणालो होतो, "या हातांनी वहीला शिवू नकोस." तेव्हापासून तो हात बाकाखाली ठेवून बसतो. आम्हां शिक्षकांना आणि आपणां पालकांनाही पोर कचेरीत बसलेले हवे असते. कारखान्यात गेले तर ते फुकट गेले असे वाटते. अर्धी उमेदवारी केलेला रॉइस आमच्या वर्गात असता, तर आम्ही त्यालाही बहुधा मागच्या बाकावरच बसवले असते.

गणित त्याला शिकावेच लागेल. गणिताशिवाय रॉइसचा क्रँकशाफ्ट झाला नसता, हे आम्ही त्याला सांगणारच. पण सोमवारी त्याला फळ्यापाशी बोलावून त्याच्याच प्रश्नाचे उत्तर त्याच्या हातून चित्र काढून वर्गाला समजावून द्यायला लावायचे, असे आम्ही ठरवले आहे. खडूला ग्रीस लागले तरी चालेल.